बोलल्याने काय घडते?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, यांपैकी कुठल्याही उपनगरातल्या एखाद्या प्रेयर ग्रुपमध्ये जाऊन बसा. कॅथलिक असो की पेंटेकोस्टल, शाळेच्या हॉलमध्ये भरलेला असो की कोणाच्या वन-रूम-किचनमध्ये, एक शिकवण तिथे हमखास कानावर पडते. जिभेत सामर्थ्य आहे. तोंडातून जे निघेल ते घडेल. आजाराचे नाव घेऊ नका, नाव घेतले की त्याला बळ मिळते. ‘मला शुगर आहे’ म्हणू नका, ‘येशूच्या नावात मी बरा झालो आहे’ अशी घोषणा करा. घर हवे असेल तर घर क्लेम करा, व्हिसा हवा असेल तर व्हिसा. आणि घडले नाही तर? तर तुम्ही कुठेतरी नकारात्मक बोलला असाल. ही शिकवण आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी तपासून पाहत नाही. ती मला चुकीची वाटते, आणि तिने माणसे दुखावली जातात म्हणून हे लिहितो आहे.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळाने मांडला पाहिजे. तो दुबळा नाही. देवाने सृष्टी बोलून घडवली आणि माणूस त्याच्या प्रतिमेत निर्माण केला, तेव्हा माणसाच्या बोलण्यातही निर्मितीचा अंश असणार, असे ते म्हणतात. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात जीवन आणि मरण जिभेच्या हाती असल्याचे सांगितले आहे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू स्वतः डोंगराला बोलून समुद्रात टाकण्याविषयी सांगतो. जे नाही त्याला ते असल्याप्रमाणे हाक मारण्याची गोष्ट पौल रोमकरांना लिहितो. याकोब जिभेला जहाजाच्या सुकाणूची उपमा देतो. शिवाय अनुभव आहेच: रडगाणे गाणारा माणूस खचत जातो, आणि धीराचे शब्द उच्चारणारा उभा राहतो. हे शेवटचे निरीक्षण मला पूर्णपणे मान्य आहे. वाद आहे तो बाकीच्या गोष्टींशी.

ही शिकवण प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली नाही. तिचा मागोवा अमेरिकेत ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७–१९४८) यांच्यापर्यंत जातो. त्यांच्यानंतर केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी ती ओक्लाहोमातल्या टल्सा इथून जगभर पसरवली. डी. आर. मॅककॉनेल यांनी १९८८ साली हेगिनच्या लिखाणातले परिच्छेद केन्यनच्या पुस्तकांशेजारी ठेवून ते जवळजवळ शब्दशः उचललेले असल्याचे दाखवले. केन्यनवर त्या काळच्या बोस्टनमधल्या ‘मनाने आजार बरे करणाऱ्या’ पंथांची छाप होती, असेही त्यांचे म्हणणे आहे. त्यावर पुढच्या अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून मी त्यावर भर देत नाही. उगम कुठला यावरून मत खरे-खोटे ठरत नसते. पण ‘ही पेंटेकोस्टल श्रद्धा आहे, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय कळणार’ असे जे ऐकवले जाते, त्याला एक उत्तर आहे. अमेरिकेतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेंटेकोस्टल मंडळीनेच १९८० साली अधिकृत निवेदन काढून या शिकवणीतल्या अतिरेकाविरुद्ध आपल्या लोकांना सावध केले होते.

मराठी माणसाला ती इतक्या सहज पटली त्याचे कारण मला टल्सापेक्षा आपल्या घरात जास्त दिसते. ‘असे अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकले नाही? निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे, बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायचे, रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’ म्हणायचे, हे वळण आपल्या बोलण्यात मुरलेले आहे. त्यात एक नाजूक सभ्यता आहे आणि तिला मी नावे ठेवणार नाही. पण वास्तुपुरुष बोलणाऱ्याचे मन पाहत नाही. तो शब्द पकडतो आणि तथास्तु म्हणून मोकळा होतो. ख्रिस्ती माणूस ज्याला पिता म्हणतो त्याच्याविषयी असे मानता येईल का? लेकराने तापात बरळलेले वाक्य पकडून त्याप्रमाणे शिक्षा करणारा बाप आपल्याला शेजारीसुद्धा चालणार नाही.

आता वचनांकडे वळू.

देव बोलला आणि प्रकाश झाला, हे खरे. पण बोलण्याचे पहिले काम माणसाला कोणते मिळाले, ते उत्पत्तीच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. देवाने पशुपक्षी घडवून आदामासमोर आणले आणि आदामाने त्यांना नावे दिली. निर्माण करणे त्याच्याकडे सोपवलेले नव्हते. समोर जे आहे ते ओळखून त्याचे नाव उच्चारणे हे त्याचे काम होते. मग बायोप्सीच्या रिपोर्टवर जे छापून आले आहे त्याचे नाव घेणाऱ्या बाईला आपण अविश्वासी कोणत्या तोंडाने म्हणतो? ती आदामाचेच काम करत असते.

नीतिसूत्रांचा अठरावा अध्याय सलग वाचला तर त्यात भांडणे, खटले, नजराणे आणि दुखावलेला भाऊ भेटतात. पहिल्याची बाजू ऐकून खरी वाटते आणि मग दुसरा येऊन तिची तपासणी करतो, हे निरीक्षणही तिथेच आहे. ही सगळी वेशीतल्या न्यायसभेची हवा आहे. त्या समाजात दोन साक्षीदारांच्या शब्दावर माणसाला दगडमार होत असे. नाबोथाचा द्राक्षमळा राजाला हवा होता. ईजबेलीने दोन खोटे साक्षीदार उभे करवले, ते बोलले आणि नाबोथ मेला. मरण जिभेच्या हाती असते ते असे. आजही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखाद्या मुलीविषयी कोणी दोन ओळी टाकतो आणि तिचे ठरलेले लग्न मोडते. त्या वचनाचा धाक तिथे वाटायला हवा. आपण मात्र ते खोकल्याला आणि गुडघेदुखीला लावतो.

याकोबाचे सुकाणू जहाज वळवते, समुद्र वळवत नाही. आपली जीभ आपल्यालाच कुठे नेते याविषयी तो बोलतो आहे. त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात तो अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, पैसा मिळवू असे ठामपणे बोलणाऱ्यांना थांबवतो आणि प्रभूची इच्छा असेल तर असे म्हणायला सांगतो. प्रेयर ग्रुपमध्ये कोणी ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणाला की त्याला टोकले जाते, त्याने शंकेला दार उघडले म्हणून. याकोबालाही टोकावे लागेल.

रोमकरांच्या पत्रात जे नाही त्याला हाक मारणारा अब्राहाम नाही, देव आहे. वाक्याचा कर्ताच बदलून घेतल्याशिवाय त्यातून ही शिकवण निघत नाही. आणि अब्राहाम त्या वेळी काय बोलला होता? शंभर वर्षांच्या माणसाला मूल होणार का, असे मनाशी म्हणून तो हसला होता. सारासुद्धा तंबूच्या दाराआड हसली होती. दोघांचीही ‘कबुली’ नकारात्मक होती, आणि इसहाक जन्मला.

इथे समोरून योहानाच्या बापाचे, जखऱ्याचे उदाहरण येते. त्याने शंका घेतली म्हणून देवाने त्याची वाचा बंद केली. तो बोलत राहिला असता तर योहानाचा जन्म अडला असता, असे सांगितले जाते. लूकाने यातले पहिले लिहिले आहे, दुसरे लिहिलेले नाही. दूताने कारण अविश्वासाचे दिले आणि त्याच दमात हेही सांगितले की ठरलेले ठरल्या वेळी होईलच. म्हाताऱ्या याजकाच्या एका वाक्याने जी योजना कोसळते ती देवाची योजना कसली?

शुभवर्तमानातच याहून मोठा पुरावा आहे. फेफरे येणाऱ्या मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि लगेच त्याच तोंडाने आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. आजच्या कसोटीला हा माणूस नापास आहे. येशूने मात्र मुलाला बरे केले. उलट यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातला हनन्या या कसोटीला शंभर टक्के उतरतो. तो मंदिरात सगळ्यांदेखत ठणकावून सांगतो की दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू प्रत्यक्ष मोडून दाखवतो. यिर्मया आधी आमेन म्हणतो, कारण त्यालाही तेच हवे होते. पण तसे होणार नव्हते. हनन्या त्याच वर्षी वारला, आणि पुढे यरुशलेम पडलेच.

पौलाची पत्रे तर आजाऱ्यांच्या नावांनी भरली आहेत. तीमथ्याला तो पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून आल्याचे लिहितो. एपफ्रदीत मरणाच्या दारात गेल्याचे फिलिप्पैकरांना कळवतो. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, हेही तो लपवत नाही.

हे सगळे ग्रंथांतले झाले. ही शिकवण घरात काय करते ते जवळून पाहिले आहे, म्हणून सांगतो. आमच्या शेजारच्या एका मावशींना स्तनाचा कॅन्सर झाला. ग्रुपच्या बायका प्रेमाने यायच्या, डबा आणायच्या, पाय चेपायच्या. पण मावशींनी ‘दुखतंय’ म्हटले की कोणीतरी हलकेच त्यांच्या ओठांवर बोट ठेवायची. ‘मावशी, तसं नाही म्हणायचं. मी बरी झाले म्हणा.’ मावशी म्हणायच्या, ‘मी बरी झाले.’ केमोने केस गेले तेव्हाही म्हणाल्या. मग एका संध्याकाळी खोलीत दुसरे कोणी नसताना त्यांनी मला विचारले, ‘मी गेले तर माझ्या बोलण्यानेच गेले असं म्हणतील का रे?’

या एका प्रश्नाने ती शिकवण माझ्यापुरती संपली. दुखण्याबरोबर दुखण्याचा दोषही त्या बाईच्या अंगावर टाकला होता, आणि रडायची परवानगी तेवढी काढून घेतली होती. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे शेकड्याने नसली तरी ढिगाने आहेत. ईयोब अध्यायामागून अध्याय देवाशी भांडतो, आणि शेवटी देव रागावतो तो ईयोबालाच दोष देणाऱ्या मित्रांवर. ज्या धर्माने माणसाला देवासमोर ओरडायची मुभा दिली, त्याच्या प्रार्थनासभेत एक आजारी बाई कण्हायला घाबरते, हे मला सहन होत नाही.

औषधे बंद करण्यापर्यंत जे जातात त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको. कॅथलिक बायबलातल्या सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय त्यांनी वाचावा. वैद्याचा मान आणि जमिनीतून उगवणारी औषधे, दोन्ही देवाचीच देणगी असल्याचे तिथे स्पष्ट सांगितले आहे.

साक्षींचे काय, असे विचारले जाईल. ‘मी घोषणा केली आणि घडले’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. पण माइक कोणाच्या हातात जातो ते पाहा. ज्याचा व्हिसा आला तो पुढे येतो. ज्याचा नाकारला गेला तो त्या आठवड्यात मागच्या खुर्चीवर बसतो, आणि पुढच्या महिन्यात येतच नाही. एकाच बाजूचे साक्षीदार बोलावून निकाल देणारी न्यायसभा नीतिसूत्रांना मान्य नव्हती.

शब्दच काम करतो, बोलणारा आणि ऐकणारा गौण, ही भूमिका आपल्या देशात फार खोलवर आणि प्रामाणिकपणे विचारली गेली आहे. यास्काच्या निरुक्तात कौत्स मंत्रांना अर्थच नसतो असे प्रतिपादन करतो आणि यास्क त्याला उत्तर देतो. पतंजलीच्या महाभाष्यात ‘इंद्रशत्रु’ची कथा येते: स्वराघात चुकला, इंद्राला मारणारा हवा होता तो इंद्राच्या हातून मरणारा झाला आणि वृत्र संपला. त्या परंपरेत ही भूमिका सुसंगत आहे, आणि तिच्यासाठी पिढ्यान्पिढ्या उच्चारशुद्धीची साधना झाली आहे. ख्रिस्ती माणसाला मात्र ती आपल्या देवाच्या नावाशी जोडता येत नाही. इफिसात स्किवाच्या सात मुलांनी येशूचे नाव सूत्रासारखे वापरून पाहिले. भूतबाधा झालेल्या माणसाने त्यांना तुम्ही कोण असे विचारले आणि उघडेनागडे पळवून लावले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. नाव तेच होते, उच्चारही ठीक असेल. ज्याचे नाव घेतले त्याच्याशी त्यांचे नाते नव्हते.

म्हणून माझा पक्ष असा: ख्रिस्ती जीवनात उच्चारलेल्या शब्दाला सामर्थ्य आहे, आणि ते कोणाला तरी उद्देशून बोलण्यात आहे. शब्द म्हणजे नुसती हवा, असे म्हणणाऱ्या विवेकवादी मित्रांशीही माझे म्हणूनच पटत नाही. शब्दाने गोष्टी घडतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ५१व्या कलमाप्रमाणे रजिस्ट्रारपुढे लग्न करणाऱ्या दोघांनी साक्षीदारांदेखत ठरावीक आशयाची वाक्ये तोंडाने म्हणावी लागतात. ती वाक्ये म्हटली की दोन माणसांचे आयुष्य बदलते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत अशाच उच्चारांचा विचार केला होता. पण तीच वाक्ये आधीच लग्न झालेला माणूस म्हणाला तर काहीच घडत नाही, गुन्हा तेवढा घडतो. बळ आवाजात नसते. ते बोलणाऱ्याच्या अधिकारात, त्याच्या खरेपणात आणि ज्याला शब्द दिला त्याच्याशी असलेल्या नात्यात असते. शुभवर्तमानातल्या शताधिपतीने हे ओळखले होते. तो येशूला म्हणाला की तू फक्त शब्द बोल, आणि त्याच वेळी आपण योग्य नसल्याचेही म्हणाला. प्रत्येक मिस्सेत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी सगळी मंडळी त्याचीच विनंती आपल्या तोंडाने करते.

आपल्या उपनगरांचा वारसा याच बाजूला उभा आहे. अंधेरीत आंबोलीला संत ब्लेझचे चर्च आहे. हा संत गळ्याच्या दुखण्यांसाठी आळवला जातो. ३ फेब्रुवारीला, त्याच्या सणाला, कॅथलिक परंपरेत धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याशी लावतात आणि आशीर्वाद देतात. ज्या गळ्यातून शब्द निघतो त्याच्यासाठीची ही प्रार्थना ऐकून पाहा. तिच्यात घशाच्या रोगांचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि तिचा सूर मागण्याचा आहे: देव तुला यांतून सोडवो. गळा बरा झाल्याची घोषणा तिच्यात नाही.

१८९६च्या प्लेगनंतर मुंबईत आणि साष्टीच्या गावठाणांत जागोजागी क्रूस उभे राहिले, काही रक्षणाच्या नवसाने, काही वाचल्याच्या कृतज्ञतेने. मे महिन्यात ईस्ट इंडियन कुटुंबे आजही गावठाणाच्या क्रूसापाशी जमून रोजरी म्हणतात. संतांच्या जुन्या लतानीत रोगराई, दुष्काळ आणि युद्ध यांची नावे घेऊन सुटका मागितलेली आहे. प्लेगचे नाव घेतल्याने प्लेग वाढेल असे त्या लोकांना वाटले नाही. सीप्झच्या आवारात १५७९च्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. १८४०च्या साथीत कोंडिव्याच्या लोकांनी ते चर्च आणि गाव सोडले आणि ते मरोळला गेले. ती माणसे प्रार्थनाही करत होती आणि साथ ओळखून पाऊलही उचलत होती. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही.

गोव्याहून आलेल्या घरांत रात्री तेर्स, म्हणजे रोजरी, संपला की मुले आजी-आजोबांपुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. दिवसभर ज्या नातवाने डोके खाल्ले त्याच्याही डोक्यावर हात जातो आणि देवाच्या नावाने आशीर्वाद दिला जातो. त्या शब्दाने मुलाची परीक्षा सोपी होत नाही. मूल मात्र त्या घरात आपण हवे आहोत हे रोज ऐकून मोठे होते. बोलण्याचे सामर्थ्य पाहायचे असेल तर मी कोणालाही आधी त्या खोलीत नेईन.

घोषणावादी मंडळी केडगावच्या मुक्ती मिशनचा दाखला देतात, तोही पाहू. १९०५च्या जूनमध्ये तिथे जे जागरण झाले त्यात मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करत होत्या. त्यांच्या तोंडून निघत होते ते पश्चात्तापाचे शब्द, पापांची कबुली आणि याचना. त्याआधी १८९६-९७च्या दुष्काळात मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या मुली घेऊन आल्या, आणि जे पाहिले ते त्यांनी सविस्तर लिहून जगाला सांगितले. दुष्काळ त्यांनी नावानिशी उच्चारला, म्हणून मदत आली आणि मुली जगल्या. पुढे त्यांची मुलगी मनोरमा १९२१ साली गेली आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. आजची शिकवण त्या घराला लावायची ठरवली तर या दोघींपैकी कोणाच्या बोलण्यात खोट होती म्हणायचे?

मार्काच्या अकराव्या अध्यायाकडे मुद्दाम शेवटी येतो, कारण साऱ्या इमारतीचा मुख्य खांब तोच आहे. डोंगराचे वचन तेविसावे. चोविसावे वचन प्रार्थनेत मागण्याविषयी आहे, म्हणजे डोंगराशी बोलणे हे देवाशी बोलण्याच्या आत बसवलेले आहे. आणि पंचविसावे सांगते की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर आधी क्षमा करा. येशूने ही तिन्ही एकापाठोपाठ सांगितली. आपल्या सभांत पहिले पाठ असते, दुसरे अधूनमधून येते, आणि तिसरे मी क्वचितच ऐकले आहे.

गावठाणातले एक घर डोळ्यांसमोर आणा. दोन भाऊ, मधे एक भिंत, प्रॉपर्टी कार्डावर वडिलांचे नाव, आणि दारात बिल्डर. वर्षानुवर्षे बोलणे नाही. दोघे एकाच मिस्सेला जातात आणि शांतिचिन्हाच्या वेळी वेगवेगळ्या बाकांकडे वळतात. त्यांच्यातला एक जण रोज सकाळी नवा फ्लॅट क्लेम करत असतो, आणि ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द मात्र त्याच्या तोंडून फुटत नाहीत. पुढच्या सभेत ही तिन्ही वचने एका दमात वाचा, एवढीच माझी मागणी आहे. आणि साक्षीसाठी माइक त्या भावाच्या हातात द्या, जो भिंतीपलीकडे जाऊन ते दोन शब्द बोलून आला.